विसाव्या दिवसाचा अर्धा तास

माझ्या आत्याला महिने कधी नीट सांगता आले नाहीत. ती दिवस मोजायची, तेही एक ते एकवीस. एकवीस झाले की पुन्हा एकपासून. मला नोकरी लागली तो तिच्या लेखी 'चौदावा' होता आणि आतोबा गेले तो 'तिसरा'. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात आणि आत्याचा धंदा तोच होता. अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं काढायची आणि कोंबड्या पाळणाऱ्यांना विकायची. लोक त्याला उबवणी केंद्र म्हणत. ती नुसतं 'पेट्या' म्हणायची.

पेट्या दोन होत्या, घराच्या मागच्या दोन खोल्यांत. मोठ्या पेटीत अंडी पहिले अठरा दिवस राहत. शेवटच्या तीन दिवसांसाठी त्यांना छोट्या पेटीत हलवायचं, कारण तिथे पिल्लं कवच फोडून बाहेर येतात. सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. आतोबांनी लाकडी खोक्यात चार बल्ब लावले होते आणि आत्या अंडं पापणीला टेकवून त्याची ऊब पारखायची. पहिल्या खेपेला पन्नास अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. आतोबा म्हणाले, "एकोणचाळीस वाया गेली." आत्या म्हणाली, "अकरा आली." तेव्हापासून हिशेब आतोबांकडे आणि पेट्या आत्याकडे अशी वाटणी झाली.

आई गेल्यावर, नवव्या वर्षापासून, मी तिच्याकडेच वाढले. लाड कशाला म्हणतात ते मला तिथे कळलं नाही. ताप आला की ती माझ्या कपाळाला हात लावायची खरी, पण आधी पेटीच्या उबेचा आकडा बघून यायची. जीभ भलतीच तिखट. एकदा एक गिऱ्हाईक विचारायला लागलं, "सगळ्या कोंबड्याच निघतील ना? कोंबडे नकोत मला." आत्या म्हणाली, "तुमच्या घरी काय निघायचं ते तुम्ही ठरवलं होतं का?" तो माणूस पुढे वीस वर्षं तिच्याकडूनच पिल्लं नेत राहिला.

लाईट तेव्हाही जायची. गेली की मी धावत जाऊन मोठ्या पेटीवर रजया टाकायच्या आणि दाराला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम माझ्या हाडीमाशी भिनला होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग पंखा पुन्हा घुमायला लागायचा आणि आत्या रजयांची घडी घालायची. तेवढ्यावर भागायचं.

पुढे आतोबा गेले. मी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात नोकरीला लागले आणि दोन गल्ल्यांपलीकडे खोली घेऊन राहिले. आणि विजेचं तंत्रच बिघडलं. उन्हाळा वाढला, घरोघरी थंड हवेची यंत्रं आली, तारा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. दहा मिनिटांसाठी जाणारी लाईट तास-तासभर जायला लागली, म्हणून आत्याने इन्व्हर्टर आणि पुढे जनरेटरही घेतला. त्यात बिलं अशी यायला लागली, की आत्या पाकीट फोडायच्या आधी खुर्चीत बसायची.

तिच्या मीटरला शेतीच्या जोडधंद्याचा दर होता. एका महिन्यात बिलावर नवाच शब्द उमटला, 'व्यापारी'. कुणी येऊन बघितलं नाही की विचारलं नाही. पाठोपाठ दुसरा शोध लागला. दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी सहा ते दहा महाग. दुपारी उन्हावर तयार होणारी वीज भरपूर असते, संध्याकाळी ती नसते, म्हणून लोकांनी आपली कामं दुपारी उरकावीत असं धोरण ठरलं. धोरण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कपडे दुपारी धुता येतात, पाण्याची टाकीही दुपारी भरता येते.

दरांवर जाहीर सुनावणी ठेवली होती, तिथे मी आत्याचं नाव दिलं. मोठं सभागृह, पुढे टेबलामागे पाच जण, भिंतीवर चढत्या रेघांचे तक्ते. प्रत्येकाला दोन मिनिटं. टेबलामागचे एक साहेब तिला समजावून सांगत होते, "बाई, संध्याकाळचा वापर थोडा मागेपुढे करून बघा." आत्या म्हणाली, "साहेब, कोंबडी संध्याकाळी सहाला अंड्यांवरून उठून जात नाही. माझी पेटी कशी उठेल?" सगळं सभागृह हसलं. साहेबही हसले, मनापासून हसले, आणि काहीतरी लिहून घेतलं. येताना आत्या अगदी फुशारून गेली होती. दोन महिन्यांनी जाडजूड निकाल आला. उपस्थितांच्या सूचना विचारात घेतल्या आहेत, असं त्यात एक वाक्य होतं. दर तसेच.

दर बदलला म्हणून कंपनीकडे ठेवायची अनामतही वाढली. ती भरायला आत्याने जनरेटर विकला. वीज मिळावी म्हणून जनरेटर विकला, हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं असेल. आधी हसू येतं, मग तळपायाची आग मस्तकात जाते. इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच बसली होती. आता तिच्या आणि कंपनीच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

अशात एक चांगली गोष्ट झाली. चाळीस बायकांचा एक गट कोंबडीपालन सुरू करणार होता. त्यांच्या अध्यक्षबाई येऊन पेट्या बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पहिली बाराशे पिल्लं धड निघाली तर दर महिन्याला तुमच्याकडूनच घेऊ." दर महिन्याचं गिऱ्हाईक मिळालं तर व्यापारी दरानेही पेट्या चालणार होत्या. नाही मिळालं तर बंद. आत्याने हे मला अगदी सरळ सांगितलं. "ही बॅच निघाली तर मी आहे, नाही तर नाही." चौदाशे अंडी तिने एकेक करून लावली, आणि मोजायला लागली.

अकराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. 'व्यापारी' काढून जुना दर मिळावा असा तिचा अर्ज होता, त्यावर सुनावणी. सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहावं, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल. तिने तारीख वाचली आणि बोटांवर मोजली. तो विसावा दिवस होता.

"मी नाही जात," ती म्हणाली. "विसाव्याला पिल्लं कवचाला टोच मारतात. त्या दिवशी मी घर सोडलेलं नाही. तुझ्या आतोबांना इस्पितळात ठेवलं होतं तेव्हाही नाही."

"आणि अर्ज?"

"जाऊ दे खड्ड्यात."

मीच हट्टाला पेटले. म्हटलं, तू जा, मी रजा काढते. पेट्यांजवळच तर वाढलेय मी. एक दिवस जमणार नाही का?

आता माझ्या नोकरीबद्दल सांगितलंच पाहिजे. तक्रार केंद्रात आम्ही सहा जणी कानाला फोन लावून बसतो. लाईट गेली की लोक विचारतात, कधी येणार? आम्हाला ते कळायची सोय नसते. तारांवर चढलेला माणूस आम्हाला फोन करत नाही. समोरच्या पडद्यावर मात्र एक चौकोन असतो, 'अपेक्षित वेळ', आणि तक्रार नोंदवली की त्यात आपोआप तीस मिनिटं उमटतात. प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माहीत नाही म्हणालात तर लोक शिव्या देतात. दोन तास म्हणालात तर मोर्चा आणतात. अर्धा तास म्हणा. अर्ध्या तासाला माणूस थांबतो." अकरा वर्षं मी दिवसाला दोन-दोनशे लोकांना तो अर्धा तास देते आहे. अर्धा तास झाला की ते पुन्हा फोन करतात आणि मी त्यांना नवा देते.

विसाव्या दिवशी सकाळी आत्याने मला छोट्या पेटीसमोर उभं केलं. काचेतून बघितलं तर कितीतरी कवचांवर बारीक तडे होते आणि आतून चिवचिव येत होती. ती म्हणाली, "नीट ऐक, बये. ही मोठी पेटी नाही. हिच्यात आता चौदाशे जीव आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची ऊब आहे. लाईट गेली तर पंखा थांबणार. थोडा वेळ दार लावूनच ठेव, उघडलंस तर आतली ओल जाते आणि पिल्लं कवचाला चिकटून बसतात. पण अर्धा तास झाला की दार सताड उघड आणि पुठ्ठ्याने वारा घाल. चिकटलेली मी हाताने सोडवीन. गुदमरलेल्यांचं मी काही करू शकत नाही."

"कळलं."

"किती वेळ?"

"अर्धा तास. आत्या, मी लहान आहे का आता?"

ती कागदांची पिशवी घेऊन दहाला निघाली. दोनदा दारातून परत आली, एकदा चष्म्यासाठी आणि एकदा उगाच.

अकराला पाच कमी असताना लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला, पेटीवरचा आकडा विझला आणि चिवचिव एकदम मोठी ऐकू यायला लागली. मला भीती अशी वाटली नाही. उलट जुनी सवय अंगात आली आणि मी कपाटातून रजया काढून पेटीवर टाकल्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातांनीच ते केलं, मी फक्त बघत होते.

मग मी माझ्याच केंद्राला फोन लावला. रांग मोठी होती, मी थांबले. शेवटी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते तीच आली फोनवर, आमचा दोघींचा डबा एकत्र असतो. म्हटलं, "अगं मी बोलतेय. खरं सांग, कधी येणार?" ती म्हणाली, "खरंच अर्धा तास. पडद्यावर तेच आहे."

पडद्यावर तेच असतं, हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तरी मला हायसं वाटलं. मी घड्याळ बघितलं तर लाईट जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. मनात म्हटलं, अर्ध्या तासात येतेच आहे तर आत्ता दार उघडून ओल कशाला घालवू? दहा-वीस मिनिटांसाठी चाळीस बायकांची पिल्लं चिकटवून ठेवायची का? आत पिल्लं जोरजोरात ओरडत होती. मला वाटलं, जोमदार आहेत.

पावणेबाराला मी पुन्हा फोन केला. ट्रान्सफॉर्मर आहे म्हणे, माणसं पोचली आहेत, अर्धा तास. सव्वाबाराला पुन्हा केला, या वेळी दुसरीच कुणी होती. "आपली तक्रार नोंदवली आहे, अर्ध्या तासात पुरवठा सुरळीत होईल." वाक्य माझंच, सूरही माझाच. मी तिला आभारी आहे म्हणाले. तोपर्यंत पेटीतला आवाज कमी झाला होता. दमून झोपली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी लपवू शकले असते, तिथे दुसरं कुणी नव्हतं. पण मी खरंच तसं म्हटलं.

आत्या एक वाजता आली. तिच्या सुनावणीचं काय झालं ते नंतर कळलं. अकराला पाच कमी असताना वीज कंपनीच्या कचेरीतली लाईटही गेली होती. संगणक बंद, साहेब उठून गेले, सगळ्यांना पुढची तारीख. ती तशीच बाहेर पडली आणि मला दोनदा फोन केला. मी केंद्राच्या रांगेत होते, फोन बिझी लागला. मग बस आली आणि ती चढली. वेळ आपण नीट सांगून ठेवली आहे, पोरीने दार उघडलं असेल, असं तिला वाटलं.

रजया बघून ती दारातच थांबली. रजया ओढून खाली टाकल्या आणि पेटीचं दार उघडलं. आतून जी हवा आली ती मला चार पावलं मागे उभी असताना चेहऱ्यावर लागली. कितीतरी पिल्लं अर्धी बाहेर येऊन तशीच राहिली होती, चोची उघड्या. काही पूर्ण बाहेर आलेली, ओली, एकमेकांवर पडलेली. आत्याने ट्रे ओढून जमिनीवर ठेवले आणि गुडघे टेकून एकेक पिल्लू हातात घेऊन बघायला लागली. हललं तर उजवीकडे, नाही तर डावीकडे. मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. आता त्याचा काय उपयोग होता ते मला माहीत नाही, पण थांबायची माझी हिंमत नव्हती.

दीड वाजता लाईट आली. पंखा घुमायला लागला. आत्याने उठून बटण बंद केलं आणि पुन्हा खाली बसली.

उजवीकडे सत्त्याऐंशी निघाली.

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यापाशी चहाचे कप घेऊन उभ्या होतो, कुणी पीत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, तिन्ही फोन, तिन्ही वेळा. तिने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "बये, मी तुला घड्याळाचा अर्धा तास सांगितला होता. तुमच्या ऑफिसचा नाही."

दुसऱ्या दिवशी गटाच्या बायका भोकं पाडलेली खोकी घेऊन आल्या. आत्याने त्यांना पेट्यांच्या खोलीत नेलं, काय झालं ते सांगितलं, आणि सत्त्याऐंशी पिल्लं पैसे न घेता देऊन टाकली. माझं नाव घेतलं नाही. लाईट अडीच तास नव्हती, एवढंच म्हणाली. अध्यक्षबाई भली बाई होती. म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी बघू." पण दाराबाहेर पडताना ती दुसरीला सांगत होती, की मोठ्या कंपनीची पिल्लं गाडीने घरपोच येतात, त्यांच्याकडे तीन-तीन जनरेटर असतात. हळू बोलायची तिला जरूर वाटली नाही. त्यात खोटं काय होतं?

आत्याने पुढची बॅच लावली नाही. मी हातापाया पडले. म्हटलं, माझ्या पगारातून बॅटऱ्या घेऊ, हप्त्याने जनरेटर घेऊ, मी नोकरी सोडून इथे येऊन बसते. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू कामावर जा, उशीर होईल." रोज सकाळी ती पेट्यांची खोली झाडून घ्यायची. दिवस मोजणं तिने सोडून दिलं. मी एकदा मुद्दाम विचारलं, आज कितवा? ती म्हणाली, "मंगळवार."

महिनाभराने ती मला म्हणाली, पेट्यांच्या मीटरचा अर्ज भरायचाय, चष्म्याने नीट दिसत नाही, तू चल. कचेरीत आम्ही खिडकीपाशी बसलो आणि मी कायमस्वरूपी वीजजोडणी बंद करण्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, मीटर क्रमांक. मग 'कारण' आलं. माझा हात थांबला. खिडकीतला कारकून म्हणाला, "काहीही लिहा हो, मोकळं सोडू नका फक्त."

"काय लिहू आत्या? दर परवडत नाही, असं लिहू? वीज टिकत नाही, असं लिहू?" मला वाटत होतं तिने यातलं काहीतरी हो म्हणावं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींत मी नव्हते.

तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी तो धरून काहीतरी बोलले असते.

"लिही," ती म्हणाली. "सांभाळायला माणूस नाही."

मी तेच लिहिलं. तिने खाली सही केली.